झाडीपट्टीच्या तलावांवर जायचं असेल तर

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या एसटी आगारात मी वाहक होतो. मुक्कामी गाडीची ड्यूटी लागली की रात्री शेवटच्या गावात गाडी उभी करायची, चालक आणि मी गाडीतच किंवा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर पथारी टाकायची, आणि पहाटेची पहिली फेरी सुटेपर्यंत हातात तास-दीड तास मोकळा. आमच्या भागात पहाटे मोकळ्या माणसाला जायला एकच जागा, तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. सुरुवातीला गेलो तो डबा घेऊनच, त्यात लपवायचं काय! पुढे डबा सुटला आणि गळ्यात दुर्बीण आली.

आता निवृत्त आहे. नागपूरचे, पुण्याचे लोक विचारतात की तुमच्याकडच्या तलावांवर कसं जायचं, काय बघायचं, मासे धरता येतात का. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बहुतेक जण नकाशावर निळा डाग बघतात, गाडी थेट पाण्याला लावतात, दारं आपटतात आणि अर्ध्या तासात ‘काही नव्हतं’ म्हणून परत जातात. तलाव मोकळा दिसतो, पण तो मोकळा नसतो. तिथे रोज कामाला येणारी माणसं आहेत आणि काय कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. म्हणून आधी गावात जा, पाण्याकडे नंतर.

आधी चहाची टपरी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी, मामा तलावांचा मुलूख. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. असे साडेसहा हजारांवर तलाव या पट्ट्यात आहेत, शिवाय बोड्या, म्हणजे लहानसहान तळी, वेगळी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले, धानासाठी आणि उसासाठी. नवेगावबांध कोलू पाटील कोहळीने बांधला असं सांगतात. गावाच्या नावाच्या शेवटी ‘बांध’ आला, नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध, की तिथे मोठं पाणी आहे हे धरूनच चाला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आज तलाव सरकारचा, पाणी शेतकऱ्यांचं, मासे धिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या, संस्थेचे, शिंगाडे लावले असतील तर ते लावणाऱ्याचे, आणि घाट गावातल्या बायांचा. एवढे धनी असलेल्या जागी न विचारता शिरणं बरं दिसत नाही.

गाडी पाळीवर न्यायची नाही. गावात, चावडीजवळ किंवा टपरीपाशी लावा. चहा घ्या. ‘राम राम भाऊ, तलावावर पाखरं पाहायला आलो’ एवढं मोकळेपणाने सांगा. उत्तर हमखास येतं, ‘कोनत्या गावचे जी?’ ते सांगा, आणि मग विचारा: मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष कोण? आज जाळं टाकणार आहेत का? पाणी सोडलंय का? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडं असेल तर पाणी रोज थोडंथोडं उतरतं, कडेचा चिखल उघडा पडतो आणि चिखलावर पाय टाकणारे पक्षी तिथे गोळा होतात. ज्या दिवशी जाळं ओढणार आहेत त्या दिवशी बदकं दुसऱ्या तलावावर गेलेली असतात. त्या दिवशी पक्ष्यांचा हट्ट सोडून मासे बघायला थांबावं.

घाटाचं एक पक्कं लक्षात ठेवा. सकाळी सात ते नऊ-दहा बाया धुणं, आंघोळ, भांडी यासाठी तिथे असतात. त्या बाजूला दुर्बीण, कॅमेरा वळवायचाच नाही, बगळा घाटाच्या दगडावर बसला असला तरी. घाट टाळून पाळीच्या दुसऱ्या टोकाने वर चढा. बरोबर बाईमाणूस असेल आणि ती दोन मिनिटं घाटावर बोलून आली तर जी माहिती मिळते ती मला इतक्या वर्षांत संस्थेच्या अध्यक्षाकडूनही मिळाली नाही.

पाळीवर कसं चालायचं

तलावाची रचना एकदा ध्यानात आली की निम्मं काम झालं. जमिनीचा उतार जिकडे संपतो तिकडे मातीची पाळ, बहुधा अर्धवर्तुळाकार. पाळीच्या आतल्या अंगाला पाणी सर्वांत खोल. समोरची बाजू उथळ, तिथे पाणी पसरत पसरत शेताला किंवा जंगलाला जाऊन भिडतं. डुबी मारणारे पक्षी, टिबुकली, चांदवा, लालसरी, हे खोल पाण्याकडे. डोकं खाली आणि शेपटी वर करून चरणारी बदकं, थापट्या, तलवार बदक, उथळ पाण्यात. त्याच्याही पलीकडे, जिथे पाणी घोट्याएवढं, तिथे करकोचे, तुतवार, शेकाट्या. म्हणजे पाळीवर उभं राहून सगळं दिसेल या भरवशावर राहू नका. पाळीवरून पाहणी करायची आणि मग लांबून वळसा घालून पलीकडे जायचं.

नवा माणूस पाळीच्या माथ्यावरून चालतो, कारण पायवाट तिथेच असते. पाण्यावरून बघणाऱ्या पक्ष्याला तो आभाळावर काळा उमटलेला दिसतो आणि सगळा थवा सरकत सरकत मध्ये जातो. पाळीच्या बाहेरच्या उतारावरून, शेताच्या बाजूने चाला. दर पन्नास-साठ पावलांवर झाडाच्या बुंध्याआड वर चढून फक्त डोकं काढा. पाळीवर अर्जुन, जांभूळ, मोह, कुठे चिंच असते, आडोशाला कमी नाही. तिथे पाच मिनिटं हलायचं नाही. पहिल्या दोन मिनिटांत जे दिसतं ते जाताना दिसतं, नंतरच्या तीन मिनिटांत जे दिसतं ते परत येतं.

वर बघूनही चाला. मोठ्या अर्जुनावर आग्या मोहोळ असतं. तिथे विडी पेटवू नका, अत्तर-सेंट मारून येऊ नका.

ऊन पाठीशी घ्यायचं. सकाळी पूर्वेच्या टोकाने, संध्याकाळी पश्चिमेच्या. उलट बाजूने गेलात तर चमकत्या पाण्यावर सगळी बदकं सारखीच काळी दिसतात आणि ओळखण्यावरून घरचे भांडतात.

पलीकडच्या उथळ बाजूला जाताना धानाच्या बांध्यांतून वाट काढावी लागते. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चाला, बांधीत, म्हणजे खाचरात पाय टाकू नका. दिवाळीनंतर धान कापलेला असतो आणि जमीन रिकामी वाटते, पण त्याच ओलीवर लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, टाकलेली असते, बोटभर उंचीची. शहरातल्या माणसाला ती गवत वाटते. धुऱ्यावर पावसाळ्यानंतर गवत गुडघ्यापर्यंत, म्हणून हातात काठी आणि पायात बंद बूट. पाण्याकाठी दिसणारा चौकटी-चौकटीचा साप बहुधा दिवड, बिनविषारी, मासे-बेडकांवर जगणारा. मात्र बांध्यांकडेला घोणसही असते, तेव्हा ‘दिवडच असेल’ म्हणून जवळ जायचं नाही.

जंगलाला लागून असलेल्या तलावांवर उन्हं वर आल्याशिवाय एकट्याने जाऊ नका. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, अस्वल मोहफुलं वेचायला झाडाखाली येतं आणि माणसंही वेचायला त्याच झाडाखाली येतात. इकडची माणसं वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात आणि ते बरोबर आहे. वाघ बाजूला होतो, अस्वल दचकलं की अंगावर येतं. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्या हद्दीतल्या पाण्यावर वनखात्याच्या फाटकातून, तिकीट काढूनच जायचं. तिथे पायी फिरणं आणि गरी, म्हणजे गळ टाकणं दोन्ही चालत नाही. मी इथे बोलतोय ते गावतलावांबद्दल.

काय दिसेल, कधी दिसेल

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा थव्यांचा काळ. पाणी भरपूर, थंडी, आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे: तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, मोठी लालसरी, चक्रवाक. नशिबात असेल तर पट्टकदंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया-तिबेटच्या पठारावर वाढतो आणि हिमालय ओलांडून इकडे उतरतो. आमच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. त्यांची माणसं गाडीत बसली की मला या पक्ष्याची आठवण व्हायचीच.

दिवाळी ते डिसेंबर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा असते. दंडार, रात्रभर नाटक, भोंगे. मंडईच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गावालगतच्या तलावावर पक्षी कमी. असं झालं तर तक्रार करू नका, नाटकाचं तिकीट काढा.

थवे नसतात तेव्हाही तलाव रिकामा नसतो. बारमाही राहणाऱ्यांतला माझा आवडता कमळपक्षी. पायाची बोटं एवढी लांब की कमळाच्या, पोवईच्या पानांवरून तो चालत जातो आणि पान बुडत नाही, फक्त कड ओली होते. पावसाळ्यात तो पानावरच अंडी देतो. म्हणजे मादी देते आणि निघून जाते, दुसऱ्या नराकडे. उबवणं, पिल्लं वाढवणं सगळं बापाकडे. एकदा ऑगस्टमध्ये पाळीखाली बसून बघत होतो, एका नराच्या पंखांखालून पाय लोंबताना दिसले. आधी वाटलं, ह्याला जखम झाली. मग मोजले तर पाय जास्तच होते. घार वरून गेली तशी त्याने पिल्लं बगलेत उचलली होती आणि तसाच पानांवरून झपझप चालत गवतात शिरला. हे बघायला मोठी दुर्बीण लागत नाही, नुसतं बसून राहावं लागतं.

पाळीच्या कडेला गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचा ढीग दिसला तर तिथे मुग्धबलाक जेवायला येतो. मिटलेल्या चोचीतही मध्ये फट राहते तो करकोचा. ढीग ताजा असेल, म्हणजे शंख अजून ओले असतील, तर थोडं लांब जाऊन थांबा.

आता सारस. त्याच्यासाठीच पुष्कळ जण गोंदियाला येतात, परसवाडा, झिलमिलीच्या बाजूला, वैनगंगा आणि बाघ नदीच्या काठाने. जवळजवळ सहा फूट उंच, राखाडी अंग, डोकं आणि मान लाल, कायम जोडीने. महाराष्ट्रात तो आता इथेच उरला आहे म्हटलं तरी चालेल, आणि अलीकडच्या गणनांत गोंदिया जिल्ह्यात चाळिशीच्या आतच सापडतो. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा आणि धानावरची औषधं, दोन्ही त्याच्या मुळावर आली आहेत. घरटं पावसाळ्यात, बहुधा धानाच्या बांधीत किंवा उथळ पाण्यात, अंडी साधारण दोन. शेतकरी घरट्यापुरता धान सोडून देतो, असे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर सारस बघायला येऊच नका, असं माझं सरळ म्हणणं आहे. इतर दिवसांत दीड-दोनशे मीटर लांबून बघा. चरणं थांबवून दोघं मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागले म्हणजे तुम्ही जवळ आलात, मागे व्हा. ड्रोन उडवायचा नाही. फोटो टाकायचा तर गावाचं नाव, शिवाराचं नाव टाकू नका, ‘गोंदिया जिल्हा’ पुरे.

दुर्बीण कोणती, हे सगळे विचारतात. आठ बाय बेचाळीसची घ्या. आठपटीपेक्षा जास्त मोठं दाखवणारी घेतली की हात कापतो आणि चित्र नाचतं. मोबाइलवर मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सांगतं, मदत म्हणून ठीक आहे. मात्र पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवणं बंद करा. घरटं सोडून तो भांडायला येतो, तुम्हाला फोटो मिळतो, आणि तेवढ्यात कावळा अंडं नेतो.

गरी टाकायची असेल तर

पहिली गोष्ट परवानगी. तलावातली मासेमारी बहुतेक ठिकाणी धिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. पावसाळ्यात संस्था पैसे घालून रोहू, कतला, मृगळाची बोटुकली आणून सोडते. वर्षभर राखण करून ते मासे मोठे होतात आणि त्यावर कितीतरी घरांचं वर्ष चालतं. तुम्ही सुटीच्या दिवशी मोठी विलायती काठी घेऊन बसलात आणि चार किलोचा कतला काढलात, तर तो कोणाच्या तरी खिशातून काढला. म्हणून अध्यक्षाला किंवा राखणदाराला भेटा. कुठे सरळ नाही म्हणतात, तिथे विषय संपला. कुठे थोडी फी घेऊन पावती देतात. कुठे सांगतात, कडेला बसा, बारीक मासा धरा, मोठा लागला तर सोडा. मला हा तिसरा सौदा सर्वांत आवडतो. कडेचा मासाच मजेचा आहे.

सामान साधं. बांबूची काठी, तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, लहान गळ, आणि तरंगायला मोरपिसाच्या दांडीचा किंवा ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. आमिष म्हणून गांडूळ. ते तलावावर शोधत बसू नका, आदल्या संध्याकाळी उकिरड्याच्या ओल्या कडेला मिळतं. गांडूळ नको असेल तर कणकेत थोडं तेल घालून घट्ट मळलेली गोळी. गोळी हरभऱ्याएवढीच करा. मोठी गोळी बारीक मासे कुरतडून संपवतात आणि तुम्ही रिकाम्या गळाची राखण करत बसता.

जागा निवडताना पाळीचं तोंड आणि तुडूम सोडा. तिथे पाणी खोल, दगडी बांधकाम निसरडं, आणि दार उघडं असेल तर ओढ असते. वेलीसारख्या पाणवनस्पती पायात अडकतात, पट्टीचे पोहणारेही त्यात सापडतात. तलावात पोहायला उतरूच नका, गळ अडकला तर तंगूस तोडा. मात्र तुटलेला तंगूस गोळा करून खिशात घालून घरी न्या. काठावर टाकलेला तंगूस पाणकोंबडीच्या पायाला गुंडाळतो, ती ओढते, तो आवळत जातो. असा पाय मी हातात धरून सोडवला आहे, बोटं काळी पडली होती.

चांगली जागा म्हणजे मोकळं पाणी आणि गवत यांची शिव. गवतातून मासा बाहेर येतो आणि घाबरला की परत आत जातो. गळ त्या शिवेपासून हातभर मोकळ्या बाजूला टाका. संध्याकाळचे चार ते सूर्य बुडेपर्यंत उत्तम. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासा खाली जाऊन बसतो आणि आमिषाला तोंड लावत नाही, त्या दिवसांत पक्षीच बघावेत. ऑक्टोबर आणि मग मार्च-एप्रिल, हे गरीचे महिने.

मरळ इकडचा खरा मान. त्याला हवेतून श्वास घ्यायला वर यावं लागतं, ‘डबुक’ असा आवाज येतो आणि पाण्यावर वाटोळी लाट उठते. दोन-तीनदा एकाच जागी आवाज आला की मरळ तिथे राहतो असं समजा. त्याला आमिष हलतं लागतं, म्हणून जिवंत बारीक मासा लावतात, आणि काठी बोटाएवढी जाड हवी.

पण पावसाळ्यात, पहिल्या जोरदार पावसानंतर, मरळ धरायचा नाही. एकदा तरी पाळीच्या कडेला वाकून पाहा: उथळ पाण्यात, गवताच्या मोकळ्या खिडकीत, नारिंगी-तांबडा झुबका दिसतो, ताटलीएवढा. झुबका एकसारखा उकळतो आहे असं वाटतं. ती मरळाची पिल्लं, शेकड्यांनी, श्वास घ्यायला वर येणारी. त्यांच्या खाली, हातभर खोल, काळी सावली हलत नाही. ते आईबाप राखण करत असतात. बेडूक झुबक्याजवळ आला तर सावली एका झटक्यात वर येते. या वेळी मरळ गळाला सहज लागतो, कारण आमिषाला तो भूक म्हणून नव्हे, राग म्हणून चावतो. तो काढला की झुबका तासाभरात संपतो, बाकीचे मासे टपलेलेच असतात. जाणता धिवर त्याला हात लावत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यातून वर चढणारे मासे मात्र पोरं काठ्यांनी मारतात. तेही अंड्यांवर आलेले असतात, ते बघून हसू नका आणि विकतही घेऊ नका.

शिंगी लागली तर घाई करू नका. तिच्या कल्ल्यांजवळच्या काट्यात विष असतं, टोचला की हात खांद्यापर्यंत ठणकतो. ओलं फडकं टाकून डोक्यामागून धरा. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, ठणका कमी होतो, आणि मग दवाखाना गाठा. कासव जाळ्यात-गळात आलं तर लगेच सोडायचं. कोणी विकायला आणलं तर घेऊ नका, तो कायद्याने गुन्हा आहे. घरच्या काचेच्या टाकीतले मासे ‘बिचारे मोकळे राहतील’ म्हणून तलावात सोडणारे लोक आहेत. चिलापी, परदेशी मागूर असेच शिरले आणि देशी मासा मागे पडला.

कुठल्या तलावावर मासा आणि पक्षी दोन्ही मिळतील, हे काठ बघून सांगता येतं. काठाने जांभळट फुलांचं बेशरम माजलं असेल तर आत फारसं काही नाही. पाणी नितळ, आत वेगवेगळं पाणगवत, कमळ, पोवई असेल तर मासाही आणि बदकंही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी-मोरगावकडच्या धिवर संस्थांबरोबर काही तलावांतलं बेशरम उपटून जुन्या जाणत्यांना विचारून देशी पाणवनस्पती लावल्या. अशा तलावावर गेलात तर संस्थेच्या लोकांना तेवढंच विचारा, कोणती वनस्पती कोणत्या माशाची. अर्धा दिवस कसा जातो कळत नाही. आणि हे काम करणाऱ्यांत बाया पुढे आहेत, बोलणं त्यांच्याशी करा.

काही न लागता घरी जायचं नसेल तर सकाळी जाळं निघतं तेव्हा काठावरच मासा विकत घ्या. वजन तिथेच होतं, भाव संस्थेचा ठरलेला असतो, घासाघीस करू नका. मोठ्या कतल्यापेक्षा मिश्र बारीक मासे मागा. तिखट रस्सा आणि भात, पोळी नको.

जाणं-येणं

पहिल्यांदा येणाऱ्याने नवेगावबांधपासून सुरुवात करावी. नागपूरहून रायपूर रस्त्याने भंडारा, साकोली, मग कोहमारा आणि तिथून उजवीकडे. सात बहिणी म्हणतात त्या डोंगरांमध्ये पाणी पसरलं आहे, राहायची सोय आहे, फिरायला सोपं. पक्षी मात्र पूर्वीइतके तिथे उतरत नाहीत, गावातले म्हातारे ते सांगतात आणि माझ्याही डोळ्यांना ते दिसतं. म्हणून मुक्काम तिथे करा आणि सकाळ आजूबाजूच्या लहान तलावांवर काढा. तिरोड्याकडून येणार असाल तर बोदलकसा आणि चोरखमारा. साकोलीतून एका दिवसात परत जायचं तर शिवनीबांध पुरे.

एसटीने येणार असाल तर माझा धंदा म्हणून सांगतो. वेळापत्रकाच्या फळ्यावर विसंबू नका. लहान गावांच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या पोरांसाठी असतात, त्यामुळे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्या बंद होतात. रविवारचंही तेच. सकाळी उतरताना वाहकालाच विचारा, ‘परतीची शेवटची कितीला?’ आणि ‘तुम्हीच येणार का?’ तोच येणार असेल तर तलावावर चाललोय म्हणून सांगून ठेवा, फाट्यावर दोन मिनिटं जास्त थांबतो. सुट्टे पैसे जवळ ठेवा.